आर्टेमियाची अंडी फोडणं आणि काढणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत गच्चीवरच्या एका खोलीत मी गेली बारा वर्षं फायटर, एंजल आणि गप्पी या शोभेच्या माशांची पिल्लं वाढवतो. या काळात सगळ्यात जास्त वेळा कानावर आलेलं वाक्य एकच आहे: "अंडी दिली, पिल्लं निघाली, पोहायला लागली आणि चौथ्या दिवशी सगळी गेली." विचारल्यावर कळतं की पाणी बरं होतं, टाकी स्वच्छ होती, खाणंही टाकलं होतं. तरी पिल्लं उपाशीच गेलेली असतात. टाकलेलं खाणं त्यांना खाणं वाटलेलंच नसतं. त्यांना हवं असतं हलणारं, जिवंत खाणं, म्हणजे आर्टेमिया. म्हणून त्याबद्दलची ही उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवली आहेत.

आर्टेमिया म्हणजे काय? आपला जवळा किंवा कोळंबीच का?

नाही. लांबचं नातं आहे, पण कोळंबीचा गट वेगळा आणि आर्टेमियाचा वेगळा. हा खाऱ्या तळ्यांत आणि मिठागरांत राहणारा, पाठीवर उलटा पोहणारा जीव आहे. पूर्ण वाढला तरी साधारण एक सेंटिमीटरचा होतो. आपल्या देशात राजस्थानातल्या सांभर आणि डिडवाण्याच्या खाऱ्या तळ्यांत आणि तुतिकोरीनच्या मिठागरांत तो सापडतो. बाजारात मिळणारी अंडी मात्र बहुतेक वेळा अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेकची असतात.

तळं आटायला लागलं, पाणी फार खारट झालं की मादी नेहमीची पिल्लं न देता जाड कवचाची अंडी सोडते. त्यातला गर्भ थांबलेल्या अवस्थेत असतो. कोरडा राहिला तर वर्षानुवर्षं तसाच टिकतो आणि योग्य पाणी मिळालं की एका दिवसात जागा होतो. अंड्यातून बाहेर पडणाऱ्या पिल्लाला नॉप्ली म्हणतात. खाली 'पिल्लं' म्हटलं की माशांची आणि 'नॉप्ली' म्हटलं की आर्टेमियाची, असं समजा.

पिल्लांसाठी दुकानात बारीक पावडर मिळते. तिनं का भागत नाही?

गप्पी-मोलीच्या पिल्लांचं भागतं, कारण ती जन्मतःच मोठी आणि धीट असतात. फायटर आणि एंजलचं भागत नाही. त्यांच्या पिल्लांचे डोळे हलणारी वस्तू शोधतात. स्थिर कण समोरून गेला तरी ती बघत नाहीत. पावडर तळाशी बसते, रात्रीतून तिच्यावर पांढरी बुरशी धरते आणि पाणी खराब होतं.

नॉप्ली साधारण अर्धा मिलिमीटर लांब असते, झटके देत पोहते आणि अंगानं केशरी असते. पिल्लू तिच्याकडे वळतं, शेपूट इंग्रजी एस अक्षरासारखी वाकवतं, क्षणभर थांबतं आणि झडप घालतं. चार दिवसांच्या फायटरच्या पिल्लाला ही पहिली शिकार करताना एकदा भिंगातून बघा. माशांचं खाद्य म्हणून आर्टेमिया वापरायला सुरुवात १९३० च्या दशकात अमेरिका आणि नॉर्वेत झाली. तेव्हापासून कितीतरी पर्याय आले, तरी मत्स्यबीज केंद्रांतून आर्टेमिया हटलेला नाही, याचं कारण त्या झडपेत दिसतं.

कुठल्या माशाला कुठल्या दिवसापासून द्यायचं?

पिल्लू आडवं होऊन स्वतःच्या बळावर पोहायला लागलं की, त्याआधी नाही. त्याआधी ते पोटातल्या बलकावर जगत असतं.

फायटरची अंडी दीड-दोन दिवसांत फुटतात आणि त्यानंतर साधारण तीन दिवसांनी पिल्लं पोहायला लागतात. एंजलची अंडी दोन-अडीच दिवसांत फुटतात आणि पिल्लं पुढं पाचेक दिवसांनी पानावरून सुटून पोहायला लागतात. म्हणजे अंडी दिसली त्याच दिवशी कॅलेंडरवर खूण करायची आणि पिल्लं सुटण्याच्या आदल्या दिवशी आर्टेमियाची बाटली लावायची, म्हणजे अंडी मिठाच्या पाण्याच्या बाटलीत फुटायला टाकायची. पिल्लं पोहायला लागल्यावर बाटली लावली तर एक पूर्ण दिवस हातचा जातो. गप्पी, मोली, प्लॅटी यांना जन्मल्याच दिवशी चालतं. गोल्डफिशची पिल्लंही सुरुवातीपासून खातात.

गुरामी आणि निऑन टेट्राचं तोंड मात्र फार लहान. त्यांना पहिला आठवडाभर इन्फ्युसोरिया, म्हणजे सडत्या पाल्याच्या पाण्यात होणारे सूक्ष्म जीव द्यायचे आणि मग आर्टेमियाकडे वळायचं.

अंडी घेताना काय बघायचं? आणि ठेवायची कशी?

डब्यावर फुटण्याची टक्केवारी लिहिलेली असते. ८० च्या खालची घेऊ नका. स्वस्त पडतात असं वाटतं, पण न फुटलेली अंडी आणि कवचं निवडण्यात जीव जातो. प्लास्टिकच्या पिशवीत सुटी भरून दिलेली अंडी तर अजिबात नकोत. एकदा पावसाळ्यात एका दुकानातून मी अशीच पन्नास ग्रॅम आणली होती. बाटली लावली, छत्तीस तास झाले, अठ्ठेचाळीस झाले, हाती शंभरेक नॉप्ली. खाली दोनशे फायटरची पिल्लं वाट बघत होती. त्या खेपेतली चाळीससुद्धा वाचली नाहीत.

अंड्यांचा शत्रू म्हणजे दमट हवा. थोडी ओल लागली की गर्भ अर्धवट जागा होतो आणि तसाच मरतो. डबा फोडला की महिनाभराची अंडी एका लहान काचेच्या बाटलीत काढायची, त्यात सिलिका जेलची पुडी टाकायची आणि उरलेला डबा घट्ट बंद करून फ्रिजमध्ये. फ्रिजमधला डबा बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला येईपर्यंत तासभर थांबा, नाहीतर आत दव धरतं. सातारा, वाई, महाबळेश्वर भागातल्यांनी जून ते सप्टेंबर हे काटेकोर पाळावं. तिथली हवा आमच्यापेक्षा कितीतरी ओली.

बाटली कशी करायची?

कोल्ड्रिंकची दोन लिटरची पारदर्शक बाटली घ्या, बूड कापा आणि उलटी टांगा. झाकण खाली येतं. झाकणाला भोक पाडून त्यात नळीचा तुकडा सिलिकॉननं बसवायचा आणि त्यावर सलाईनच्या नळीला असते ती चक्री लावायची. नवीन सलाईन सेट मेडिकलमध्ये मिळतो. चक्री फिरवली की थेंबाथेंबानं पाणी सोडता येतं, आणि काढणीला नेमकं तेच लागतं.

पंपाची हवा वरून सोडायची. कडक प्लास्टिकची बारीक नळी तळापर्यंत पोचवा आणि टोकाला बुडबुडे बारीक करणारा दगड (एअरस्टोन) लावू नका. एअरस्टोनच्या बारीक बुडबुड्यांनी फेस येतो, अंडी फेसाबरोबर बाटलीला चिकटतात आणि कोरडी पडतात. मोठे बुडबुडे हवेत, अंडी सतत खालीवर फिरतील इतके. पहिल्या दोन तासांत बाजूंना चिकटलेली अंडी बोटानं पुन्हा पाण्यात लोटा.

मीठ कुठलं आणि किती?

लिटरला २५ ग्रॅम. खडे मीठ, बारीक मीठ, आयोडीनचं मीठ, कुठलंही चालतं. आयोडीननं अंडी फुटत नाहीत हा समज आहे. मिठातलं आयोडीन इतकं कमी असतं की काही फरक पडत नाही. मी खडे मीठ वापरतो. मात्र खडे मीठ चमच्यानं मोजू नका, खड्यांच्या आकाराप्रमाणं वजन बदलतं. स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा.

समुद्राचं पाणी लिटरला ३५ ग्रॅम असतं, मग आपण कमी का घ्यायचं? अंड्यातला गर्भ साखरेपासून ग्लिसरॉल तयार करतो. त्या जोरावर पाणी आत ओढलं जातं आणि दाब वाढून कवच फुटतं. बाहेरचं पाणी जितकं खारट तितकं ग्लिसरॉल जास्त लागतं, म्हणजे नॉप्ली बाहेर येण्याआधीच तिची शिदोरी खर्च होते. कमी मिठात ती लवकर आणि भरलेली बाहेर येते.

अंडी लिटरला अर्धा चहाचा चमचा. एका ग्रॅममध्ये दोन-अडीच लाख अंडी असतात, त्यामुळं हात आखडता घ्या. दाटी झाली की फुटण्याचं प्रमाण घसरतं.

आमच्याकडे सोडा टाकावा लागतो का?

पाण्यावर अवलंबून आहे. पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, ८ च्या वर हवा. साताऱ्यात कास तलावाचं पाणी पावसाचं, जांभ्या दगडावरून आलेलं, मऊ. त्यात चिमूटभर खायचा सोडा टाकलाच पाहिजे, नाहीतर अंडी फुटताना पीएच खाली घसरतो. सांगली-मिरजेच्या बोअरचं पाणी जड असतं, तिथं बहुधा सोड्याविना जमतं. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून वापरा.

आमच्या शेतातल्या विहिरीचं पाणी खारट आहे. तेच वापरलं तर मीठ वाचेल?

वाळवा, पलूस, मिरज पट्ट्यातून हा प्रश्न येतोच, कारण कृष्णाकाठी क्षारपड जमीन किती आहे ते आपण सगळे जाणतो. जिभेला खारट लागणारं ते पाणी आर्टेमियाच्या हिशेबानं जवळजवळ गोडंच असतं. त्यातले क्षारही निव्वळ मिठाचे नसतात. मीठ पूर्ण मापानं घालावंच लागेल. वाचेल तो फक्त चिमूटभर सोडा.

थंडीत अंडी फुटतच नाहीत. काय करायचं?

पाणी २६ ते २८ अंशांवर हवं. त्या उबेत १८ ते २४ तासांत काम होतं. पाणी २० अंशांवर गेलं तर दोन दिवस लागतात, आणि दोन दिवसांत निघणारी नॉप्ली एकाच वेळी निघत नाहीत. काही आधी, काही नंतर. आधीच्या शिळ्या होतात, नंतरच्या कवचात राहतात.

बाटलीत थेट हीटर टाकू नका, तो अंड्यांनी माखतो. बादलीत पाणी घ्या, बादलीत २८ अंशांवर लावलेला टाकीचा हीटर आणि बाटली त्या पाण्यात उभी. बाटलीशेजारी वीतभर अंतरावर एलईडी बल्ब चालू ठेवा. एलईडीनं ऊब येत नाही, पण पाण्यात भिजल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत उजेड मिळाला तर अंडी चांगली फुटतात. अंधारात लावलेली बाटली आणि उजेडात लावलेली बाटली शेजारी ठेवून बघा, फरक डोळ्यांना दिसतो.

एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे उलटा त्रास. गच्चीखालच्या खोलीत दुपारी पाणी ३५ च्या घरात जातं. तेव्हा बाटलीला ओलं फडकं गुंडाळून माठाशेजारी ठेवतो.

काढणी नेमकी कशी करायची? कवचं नेहमी सोबत येतात.

इथं घाई करणारे सगळ्यात जास्त. हळद काढताना माती झटकल्याशिवाय घरात आणत नाही, तसंच हे.

चोवीस तासांनी बाटलीत बघा. पाणी तपकिरी न राहता केशरी झालेलं असेल. कडेनं टॉर्च धरली तर झटके देणारे ठिपके दिसतात. काही नॉप्ली अजून पातळ पडद्यात, कवचाखाली छत्रीसारख्या लोंबकळत असतील. तशा फार दिसल्या तर दोन तास थांबा.

मग हवा बंद करा. बाटलीचा वरचा भाग काळ्या कापडानं झाका आणि खाली, झाकणाजवळ, टॉर्च लावा. नॉप्ली उजेडाकडे धावतात. दहा मिनिटांत तीन थर होतात: रिकामी कवचं वर तरंगतात, न फुटलेली अंडी अगदी तळाला बसतात आणि मध्ये, अंड्यांच्या जरा वर, दाट केशरी ढग. पंधरा मिनिटांच्या पुढं थांबू नका, तळाशी एवढी दाटी होते की प्राणवायू संपतो.

चक्री जरा सैल करा. पहिले दोन-तीन चमचे तपकिरी पाणी येईल, ते फेकून द्या, ती न फुटलेली अंडी आहेत. धार केशरी झाली की खाली गाळणी धरा. १२० ते १५० मायक्रॉनची जाळी हवी. ती स्क्रीन प्रिंटिंगचं सामान विकणाऱ्यांकडे मीटरवर मिळते. ती नसेल तर धुऊन मऊ झालेला जुना सुती पंचा चार पदरी करा, पाणी हळू जाईल पण जाईल. बाटलीत बोटभर पाणी उरलं की चक्री बंद. शेवटच्या त्या बोटभर पाण्याचा मोह धरला की वरची सगळी कवचं गाळणीत उतरतात.

गाळणीतल्या नॉप्ली साध्या पाण्यानं दोनदा धुवा. बाटलीतल्या पाण्यात मीठ असतंच, शिवाय फुटताना सुटलेला ग्लिसरॉल आणि त्यावर पोसलेले जिवाणू असतात. ते पिल्लांच्या टाकीत जाता कामा नयेत. कवचं तर मुळीच नकोत. ती पचत नाहीत आणि लहान पिल्लाच्या आतड्यात अडकतात.

काढल्यावर किती वेळात खायला घालायच्या?

लगेच. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

नॉप्ली बाहेर येते तेव्हा तिला तोंड उघडलेलं नसतं. ती सोबत आणलेल्या बलकावर जगते, आणि तोच बलक आपल्या पिल्लांचं अन्न. उबदार पाण्यात साधारण आठ तासांत ती कात टाकते, तोंड उघडतं आणि तोवर साठ्यातला बराच भाग संपलेला असतो. तिचा केशरी रंग फिका होतो, ती आकारानं वाढते, जोरात पळते. म्हणजे पिल्लाला धावाधाव जास्त आणि मिळकत कमी.

म्हणून मी दोन बाटल्या आळीपाळीनं लावतो. एक सकाळी सातला, दुसरी संध्याकाळी सातला. प्रत्येक बाटली चोवीस तासांनी काढायची, धुवायची, पुन्हा लावायची. यात पहिला दिवस सोडला तर रोज दोन वेळा ताजी काढणी मिळते. नोकरीमुळं एकच जमत असेल तर उरलेल्या नॉप्ली मिठाच्या पाण्यात, पसरट डबीत, पातळ थर करून फ्रिजच्या दारात ठेवा. थंडीनं त्यांची वाढ मंदावते. दुसऱ्या दिवशीपर्यंत चालतात, त्यापुढं नको.

एका वेळी किती घालायच्या?

पाच मिनिटांत पोटं भरतील आणि पंधरा मिनिटांनी एखाददुसरी नॉप्ली फिरताना दिसेल इतक्या. दिवसातून तीन-चार वेळा. टाकीमागं काळा कागद लावा आणि टॉर्च बाजूनं धरा. पिल्लाचं अंग काचेसारखं आणि पोट गोल केशरी, पिकल्या करवंदाएवढं तर नाहीच, पण मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढं लखलखीत दिसतं. ते दिसलं की थांबा. ज्यांचं पोट सपाट दिसतं ती पिल्लं कोपऱ्यात दबलेली असतात, त्यांच्याजवळ ड्रॉपरनं दोन थेंब सोडा.

गोड्या पाण्यात नॉप्ली चार-पाच तास जगतात, मग मरून तळाला बसतात. रात्री झोपताना भरपूर घालून ठेवणं म्हणूनच वाईट. सकाळी तळाशी फिकट गुलाबी थर आणि पाण्याला वास. रोज एकदा बारीक नळीनं तळ ओढून काढा.

लाईट गेली तर बाटली वाया जाते का?

पहिले बारा तास असतील तर तासा-दोन तासांनी फार बिघडत नाही, मधूनमधून चमच्यानं ढवळत राहा. नॉप्ली निघायला लागल्यावर मात्र अर्धा तासही जड जातो. बॅटरीवरचा लहान पंप घेऊन ठेवणं उत्तम.

ज्यांच्याकडे लाईटचा भरवसाच नाही त्यांनी बाटलीचा नाद सोडून पसरट ताट-पद्धत करावी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमच्या भागात कित्येक दिवस वीज नव्हती आणि वरच्या खोलीत एंजलची दीडशे पिल्लं सहा दिवसांची होती. तेव्हा मिठाईचा प्लास्टिकचा चपटा डबा घेतला. त्यात दोन बोटं मिठाचं पाणी. मधोमध पुठ्ठ्याला प्लास्टिक गुंडाळून आडवी भिंत, खाली करंगळीएवढी फट. एका बाजूला अंडी पसरली आणि ती बाजू वहीनं झाकली. दुसरी बाजू खिडकीकडे उघडी. पाणी उथळ असल्यामुळं हवेची गरज पडत नाही. ढगाळ, गार हवा होती, त्यामुळं जवळजवळ चाळीस तास लागले. पण नॉप्ली फटीतून उजेडाच्या बाजूला आल्या आणि कवचं अंधाराच्या बाजूला राहिली. ड्रॉपरनं उचलायच्या, पंच्यात धुवायच्या, घालायच्या. असे तीन डबे आळीपाळीनं लावून आठ दिवस काढले. दीडशेपैकी शंभरच्या वर पिल्लं मोठी झाली, त्यातली एक जोडी अजून माझ्याकडे अंडी देते.

आजही कुणाला फक्त एका फायटरच्या खेपेपुरतं करायचं असेल तर मी हीच पद्धत सांगतो. पंप नाही, आवाज नाही.

अंड्यांचं कवच आधीच काढून टाकता येतं म्हणतात?

येतं. ब्लीचच्या द्रावणात कवच विरघळतं. अंडी तासभर साध्या पाण्यात भिजवायची, गाळून थंड ब्लीचमध्ये टाकायची आणि सतत ढवळायचं. तपकिरी रंग आधी करडा आणि मग केशरी होतो. केशरी झाल्याबरोबर गाळून, वास जाईपर्यंत धुऊन अँटिक्लोरीनच्या, म्हणजे क्लोरीन मारणाऱ्या औषधाच्या, पाण्यात बुडवायची. या कामात द्रावण तापतं, म्हणून बर्फ हाताशी हवा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा कुठलंही आम्ल चुकूनही मिसळू देऊ नका, विषारी वायू सुटतो. लहान मुलं असलेल्या घरात हा उद्योग करूच नये असं माझं मत आहे. काढणी नीट जमली की याची गरज उरत नाही.

टाकीत काचेवर पांढरे धागे दिसायला लागले, आर्टेमियातून आले का?

तो हायड्रा. येतो बहुधा पाणवनस्पतींबरोबर, पण नॉप्लींवर पोसून झपाट्यानं वाढतो आणि लहान पिल्लंही पकडतो. पिल्लांच्या टाकीत बाहेरची वनस्पती न धुता टाकू नका आणि नॉप्ली उरू देऊ नका.

किती दिवस द्यायचं?

फायटर आणि एंजलला तीन आठवडे तरी. दुसऱ्या आठवड्यापासून आधी थोडी बारीक पावडर आणि मग नॉप्ली, म्हणजे भुकेच्या वेळी पावडर तोंडात जाते आणि सवय लागते.

उरलेलं मिठाचं पाणी कुठं टाकायचं?

बाथरूमच्या मोरीत, वरून तांब्याभर साधं पाणी ओतून. कुंडीत, परसात किंवा तुळशीत नको. रोज दोन बाटल्या म्हणजे महिन्याला दोन-अडीच किलो मीठ होतं. माझ्या शेजाऱ्यानं ते गच्चीवरच्या कढीपत्त्याला घातलं, दीड महिन्यात पानांच्या कडा जळल्या आणि मातीवर पांढरा पापुद्रा आला. अगदी क्षारपड रानात येतो तसा.